फाटकापाशी तुटणारी लहर

तांबे चाळीच्या अंगणात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे बायका, मागे पुरुष, गॅलरीच्या कठड्यांवर पोरं लटकलेली. ओट्यावर एका टेबलाला भगवं कापड गुंडाळलेलं, टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपला झेंडूचा हार. दहिसरच्या या चाळीत मी छत्तीस वर्षं राहते. इथे गणपती बसले, सत्यनारायण झाले, मुंजी-बारशी झाली. पण संगणकाला हार घातलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेजारच्या खुर्चीत अंबादास महाराज बसले होते. लोक त्यांना लहरीबाबा म्हणत. हवेतल्या लहरी आपल्याला डोळ्यांनी दिसतात, असा त्यांचा दावा, म्हणून हे नाव त्यांनी स्वतःच लावून घेतलेलं. मराठीत या शब्दाचा आणखी एक अर्थ होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

"पोरी, जा," महाराज म्हणाले. "फाटकाबाहेर पाऊल टाक. सगळ्यांना बघू दे."

मानसी उठली. ही माझ्या शेजारच्या खोलीतली सून; टेबलावरचा लॅपटॉप तिचाच. खाली मान घालून ती गर्दीतून वाट काढत गेली आणि चाळीच्या लोखंडी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. इकडे महाराजांनी प्रवचन सुरू केलं.

"वायफाय, वायफाय करता. अर्थ माहितीये? वाय म्हणजे वायू. फाय म्हणजे फायर, अग्नी. वायू आणि अग्नी! आपल्याच ऋषींचं ज्ञान, गोऱ्यांनी पळवलं आणि आता आपल्यालाच दर महिन्याला रिचार्ज मारायला लावतात!"

टाळ्या पडल्या. पाचेक मिनिटं असंच चाललं. मग महाराजांनी पुढच्या रांगेतल्या एकाला बोलावलं. "लेकीच्या कंपनीचं पान उघड बघू."

त्याने बटण दाबलं. मघाशी सगळ्यांनी उघडलेलं पाहिलं होतं तेच पान आता येईना. पडद्यावर पांढऱ्यावर काळं वाक्य : हे संकेतस्थळ सापडत नाही.

"लहर तुटली!" महाराज गरजले. "ये गं आत."

मानसी आत आली. घंटा वाजली, पुन्हा पाच मिनिटं ऋषी आणि रिचार्ज झाले, आणि पान उघडलं. अंगणात जयजयकार झाला.

मी एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं आहे. माझ्याने बसवेना.

"थांबा," मी म्हटलं. "लाइनमध्येच काही गडबड असेल. चाळीची लाइन काढा, मानसीच्या कंपनीने दिलेली इंटरनेटची डोंगलही काढा. माझ्या फोनच्या इंटरनेटवर जोडू आणि बघू."

महाराज हसले. "बघा की, बाई. खुशाल बघा."

जोडलं. मानसीला पुन्हा बाहेर पाठवलं. पाच मिनिटांनी पान पुन्हा गायब! घरची लाइन नाही, कंपनीची नाही, माझ्या स्वतःच्या फोनवरून जोडलेलं, तरीही गायब.

"बाई, तुमचं विज्ञान कितवीपर्यंत?" महाराजांनी विचारलं आणि सगळं अंगण खो खो हसलं. माझे जुने विद्यार्थीही त्यात होते. मी खाली बसले.

*

मानसी घरून काम करते. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकून टाइप करायचे आणि कंपनीच्या संकेतस्थळावर चढवायचे. नवरा सुशांत साकीनाक्याला लेथवर. त्याच्या कारखान्यात काम निम्म्यावर आलं होतं, तेव्हा घर मानसीच्या नोकरीवर उभं होतं. काम अडू नये म्हणून कंपनीनेच तिला डोंगल दिली होती. एक लाइन पडली तर दुसरी असावी म्हणून.

डिसेंबरात तिने घरात मिहिरची लाइन घेतली. मिहिरचं दुकान आमच्या फाटकाला लागूनच. आसपासच्या सगळ्या चाळींना तोच इंटरनेट पुरवतो. स्वतः येऊन त्याने सगळं जोडून दिलं. "वहिनी, लॅपटॉपपण सेट करून देतो. झकास चालेल."

जानेवारीत भानगड सुरू झाली. मानसी भाजी घेऊन आली की कंपनीचं पान बंद. बँकेत जाऊन आली, बंद. तिने कंपनीला फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे सगळं चालू आहे, लाइन बदलून बघा. तिने डोंगल लावली. तरी बंद. कंपनीकडून एक ताकीद आली, मग दुसरी. तिसरीला नोकरी जाणार होती.

तेव्हा तिच्या सासूने, रुक्मिणीकाकूंनी, महाराजांना घरी आणलं. आणायला सुचवलं मिहिरने. महाराजांनी लॅपटॉपवर हात ठेवला, डोळे मिटले आणि मानसीकडे पाहून म्हणाले, "तुझं चित्त माहेरी आहे. कुणाचं तरी दुखणं आहे. चेंबूरकडे मला अंधार दिसतो."

मानसी हादरलीच. तिची आई चेंबूरला एकटी राहते, तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती आणि ऑपरेशन करावं लागणार होतं. मानसीने हे सासरी अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. सुशांतला महाराज म्हणाले, "तुझ्या मनात समुद्रापार जायचं आहे." तोही गार. आखातातल्या नोकऱ्या तो चोरून शोधत होता.

मग हुकूम सुटला : एक्केचाळीस दिवस मानसीने चाळीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की लहर तुटणार; अपवाद फक्त सोहळ्यात ते स्वतः पाठवतील तेव्हाचा. गॅलरीत फिरायला, अंगणात उभं राहायला मुभा. विश्वातल्या लहरी नेमक्या तांबे चाळीच्या फाटकापाशीच का तुटतात, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

आणि हुकूम खरा ठरत होता, ही खरी कोंडी होती. मानसीने तीनदा मोडून पाहिला, तिन्ही वेळा पान बंद पडलं.

"बाई, मला पटत नाही हो," ती एकदा कठड्याशी उभी राहून मला म्हणाली. "पण बंद पडतं ना! मी काय करू?"

सुशांतला विचारलं तर तो म्हणाला, "मलापण कुठे पटतंय? पण एक्केचाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे. काढ ना यार."

तिने काढले. रोज सकाळी अंगण झाडताना मी तिला बघत होते. आधी ती फाटकापर्यंत यायची, दुकानांच्या पाट्या वाचत उभी राहायची. मग अंगणाच्या मध्यापर्यंतच येऊ लागली. पुढे पुढे गॅलरीतच. शेवटी तर दाराशी बसून राहायची आणि कुणी हाक मारली की दचकायची. तिला कुणी कुलूप लावलं नव्हतं. फाटक दिवसभर सताड उघडं असायचं.

एव्हाना मानसीच्या लॅपटॉपपाठोपाठ चाळीतल्या आणि मागच्या गल्लीतल्या आणखी बावीस घरांनी आपापल्या संगणकाला दीक्षा दिली होती. दीक्षा म्हणजे संगणक एक दिवस मिहिरच्या दुकानात ठेवायचा, तिथे महाराज त्याच्यावर मंत्र घालणार. नियम एकच : दीक्षा घेतलेल्या घराने इंटरनेटची लाइन बदलायची नाही. त्याआधी मिहिरची गिऱ्हाइकं भराभर दुसऱ्या कंपन्यांकडे चालली होती. आता एकही हलेना.

अडतिसाव्या दिवशी सकाळी मानसी माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"सोमवारी आईचं ऑपरेशन ठरलंय. मी हिशेब केला होता, रविवारी एक्केचाळीस पूर्ण होतात. पण काल महाराज म्हणाले, मी परवा फाटकाला हात लावून उभी होते, मनाने बाहेर गेले, म्हणून आणखी एकवीस दिवस. गेले तर नोकरी जाते. नोकरी गेली तर ऑपरेशनचं पुढचं औषधपाणी कुठून करू? आणि नाही गेले तर... बाई, ती एकटी आहे हो."

मी तिला पाणी दिलं. मग विचारलं, "आत्ता चालू आहे का तुझं पान?"

"नाही ना, काल संध्याकाळपासून बंद. हे बघा, ऑफिसचा मेसेज." तिने फोन पुढे केला. मग सहज म्हणाली, "फोनवर उघडतं तसं. पण फोनवर टाइप कसं करणार?"

"फोनवर उघडतं? कुठल्या लाइनवर?"

"घरच्याच."

घर तेच, बाई तीच, लाइन तीच. फोनवर उघडतं, लॅपटॉपवर नाही. सातवीच्या वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आले की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बाकीच्या तशाच ठेवा. मी रविवारी काय केलं होतं? लाइन बदलली होती. यंत्र बदललंच नव्हतं!

"फोनला दीक्षा दिली होती?"

"नाही. फक्त लॅपटॉपला."

मी लगेच भाविकाला फोन लावला. भाविका माझी जुनी विद्यार्थिनी, आता घाटकोपरच्या एका हॉस्पिटलमध्ये संगणकांचं जाळं सांभाळते. तिने सगळं ऐकून घेतलं, अगदी वायू आणि फायरसुद्धा, आणि मग म्हणाली, "बाई, तुम्ही रस्ता बदललात. पण तो पत्ता कोणाला विचारतो ते बघितलंत का?"

"म्हणजे?"

"आपण संकेतस्थळाचं नाव टाइप करतो. संगणकाला नाव कळत नाही, त्याला आकड्यांतला पत्ता लागतो. तो पत्ता सांगायला इंटरनेटवर नेमलेली यंत्रं असतात. प्रत्येक लाइन आपला पत्ता सांगणारा बरोबर घेऊन येते. घरची लाइन असली की तिचा, डोंगल लावली की डोंगलचा. संगणक मुकाट्याने त्या त्या वेळी त्याला विचारतो. पण कुणी आत शिरून हाताने एकाच सांगणाऱ्याचा नंबर लिहून ठेवला, तर लाइन कितीही बदला, संगणक त्यालाच विचारत राहणार. आणि तो म्हणाला, असं घरच नाही या गावात, की झालं."

तिने फोनवरून एकेक पायरी सांगितली. मानसीने सेटिंगचं पान उघडलं. जिथे 'आपोआप' असायला हवं होतं तिथे आकडे लिहिलेले होते. घरच्या वायफायलाही आणि डोंगललाही, दोन्हीकडे तेच.

"मी नाही लिहिले," मानसी म्हणाली.

"लॅपटॉपला हात कोणी लावला होता?"

दोघींनाही डिसेंबरमधला तो दिवस आठवला. दीक्षा नंतरची, बाधा नंतरची. नंबर आधीच लिहिला गेला होता.

पण हा नंबर कोणाचा, हे सिद्ध करायला हवं होतं. भाविकाने युक्ती सांगितली. त्याच दिवशी दुपारी मी मिहिरच्या दुकानात गेले, रिचार्जचं निमित्त करून. "मिहिर, माझं नेट संपलंय रे, जरा तुझं वायफाय दे." त्याने बिचाऱ्याने दिलं. जोडलेल्या लाइनचा आकड्यांतला पत्ता दाखवणारं एक पान असतं, ते मी उघडलं. मानसीच्या लॅपटॉपमध्ये लिहिलेले आकडे आणि हे आकडे तंतोतंत एकच होते! समोर कोपऱ्यात त्याचा एक जुना संगणक घुरघुरत होता. आणि मिहिरच्या खुर्चीतून चाळीचं फाटक आरशात दिसावं तसं स्वच्छ दिसत होतं. मानसी बाहेर पडली की कोणाला कळत होतं, ते मला तिथे बसल्यावर समजलं. दुकानातून तो कंपनीचं नाव रोखायचा. संगणकाला आधीचा पत्ता काही मिनिटं लक्षात राहतो, म्हणून पान लगेच बंद पडत नसे. ती मिनिटं भरून काढायलाच महाराजांचं प्रवचन होतं.

"पण त्यांना आईचं कसं कळलं?" घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा मानसीने विचारलं. "मी कुणालाच बोलले नव्हते."

"तू चेंबूरच्या हॉस्पिटलचं संकेतस्थळ उघडलं होतंस?"

"हो, रोज."

"पत्ता कोणाला विचारलास?"

ती खुर्चीत मागे टेकली. नंतर रडली, आणि ते रडणं सकाळच्यापेक्षा वेगळं होतं. संताप होता त्यात. आपल्या आईच्या दुखण्याचा कुणीतरी खेळ केला होता.

मी म्हटलं, "आत्ता 'आपोआप' करून टाकू. तू आजच मोकळी."

मानसीने डोळे पुसले. "मी सुटेन. पण मग म्हणतील, बाबांची कृपा झाली. बाकीच्या बावीस घरांचं काय? रविवारी सोहळा आहे ना? रविवारी करू. तोवरचे अहवाल फोनवरच कसेबसे टाइप करीन."

*

त्या रविवारी गर्दी मागच्यापेक्षा दुप्पट होती. नवीन चाळीस संगणकांना दीक्षा मिळायची होती. सकाळीच आम्ही मानसीच्या लॅपटॉपवर दोन्ही लाइनींचं सेटिंग 'आपोआप' करून ठेवलं होतं. भाविका माझ्या शेजारी बसली होती.

"पोरी, जा," महाराज म्हणाले. "फाटकाबाहेर पाऊल टाक."

मानसी गेली. वायू झाला, अग्नी झाला, ऋषी झाले. पाच मिनिटांनी महाराजांनी पान उघडायला सांगितलं.

उघडलं.

"पुन्हा दाब," महाराज म्हणाले.

पुन्हा उघडलं. महाराजांनी एक नजर दुकानाकडे टाकली आणि प्रवचन पुढे ओढलं; आता पृथ्वी आणि आप हेही आले. पान उघडतच राहिलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. पण माणूस मुरलेला होता. दोन्ही हात वर करून तो ओरडला, "कृपा झाली! पोरीचं बंधन तुटलं! बोला, लहरीबाबा की..."

"जय!" अर्धं अंगण ओरडलंसुद्धा.

मी उभी राहिले. मागच्या वेळचं हसणं कानात होतं.

"कृपा नाही," मी म्हटलं. "आज सकाळी मी या लॅपटॉपमधून मिहिरच्या दुकानाचा नंबर काढून टाकला. दीक्षा घेतलेल्या सगळ्या संगणकांत तो नंबर लिहिलेला आहे. तुमचा संगणक कुठलंही पान उघडायच्या आधी मिहिरच्या दुकानातल्या संगणकाला पत्ता विचारतो. तो सांगेल तर उघडतं, नाही तर नाही. आणि तुम्ही काय काय विचारता, ते तिथे बसून वाचता येतं. महाराज तुमच्या मनातलं ओळखतात ना? ते असं."

"खोटं!" मिहिर दुकानाच्या दारातून ओरडला. "बाई, प्रूफ काय?"

"सोपं आहे. तुझा तो कोपऱ्यातला जुना संगणक पाच मिनिटं बंद कर. महाराजांची शक्ती खरी असेल तर कुणाचंही काही अडणार नाही."

"दुकान माझं आहे. कुणी आत यायचं नाही."

कुणी पुढे होईना. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून रुक्मिणीकाकू उठल्या. महाराजांना घरात आणणाऱ्या त्याच. कमरेला पदर खोचून सरळ दुकानाकडे चालत गेल्या.

"बाजूक हो रे."

"काकी, ऐका..."

"चाळीस दिस माझ्या सुनेक कोंडून ठेवलंय मी. माझ्या ह्या हातांनी. तू बाजूक हो आदी!"

मिहिर बाजूला झाला. काकूंनी प्लग खेचला. कोपऱ्यातली घुरघुर थांबली.

मग वरच्या गॅलरीतून आवाज आला, "ए, आमचं बंद पडलं!" पलीकडून, "आमचंपण!" मागच्या गल्लीतून कुणीतरी धावत आलं. एकेक करत बावीस घरांतले संगणक अडले. आणि त्याच घरांतले, त्याच लाइनवरचे फोन मात्र व्यवस्थित चालू होते, कारण फोनांना दीक्षा नव्हती. भाविकाने ओट्यावर चढून सगळ्यांना ते फोन वर धरायला लावले.

"महाराज," गर्दीतून सुशांत म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "आता घंटा वाजवा ना. उघडून दाखवा. वाजवा!"

महाराजांनी घंटेकडे पाहिलंही नाही. आज लहरी प्रतिकूल आहेत असं काहीतरी पुटपुटत ते उठले, आणि लोकांनी त्यांना पोलीस येईपर्यंत पुन्हा खुर्चीत बसवलं. आपल्या राज्यात अशा प्रकारांविरुद्ध कायदा आहे. तक्रार लिहून देणाऱ्यांत पहिली सही रुक्मिणीकाकूंची होती.

मी लॅपटॉपवरचा हार काढला, लॅपटॉप आणि डोंगल पिशवीत घातली आणि फाटकाकडे गेले. मानसी अजून बाहेर रस्त्यावरच उभी होती. आत चाललेला गोंधळ तिला ऐकू येत होता, पण ती आत आली नव्हती.

"घे," मी म्हटलं. "आईजवळ बसून काम करता येईल. दोन्हीपैकी जी लाइन मिळेल तिच्यावर चालेल आता."

तिने पिशवी घेतली. रिक्षाला हात केला. बसताना तिचा पाय एकदा अडखळला. इतक्या दिवसांत रस्त्यावर चालायची सवय मोडली होती. मग रिक्षा सुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला : ऑपरेशन नीट झालं, आई शुद्धीवर आहे, आणि चार अहवाल पाठवून झाले.

पुढचा आठवडा भाविका आणि मी घरोघर जाऊन ते आकडे पुसत होतो. लोक विचारायचे, आता कोणाचा नंबर घालायचा? भाविका सांगायची, "बहुतेकांना 'आपोआप' पुरतं. दुसरा कुणी नेमायचा तर माहितीतला नेमा. कारण ज्याला नेमाल त्याला तुमचं सगळं जाणं-येणं कळतं. आणि अधूनमधून बघत जा, कुणी बदललाय का."

सगळे शहाणे झाले असं मी म्हणणार नाही. दोन घरं अजून म्हणतात की लबाडी मिहिरची होती, बाबा खरेच होते. त्यांच्याशी मी रोज थोडं बोलते.

तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी एक गोष्ट बदलून बघा. तेवढ्याने कळलं नाही तर दुसरी बदला. मी एकदा चुकले, सगळ्यांसमोर चुकले, त्यात लाज नाही. लाज पुन्हा करून न बघण्यात आहे. आणि एखादा नियम घरातल्या कुणालाही दाराबाहेर पडू देत नसेल, तर तो नियम कोणी घातला आणि त्याचा त्याला काय फायदा, हे त्याच दिवशी विचारा. एक्केचाळीस दिवस थांबू नका.